बापूरावांचं प्रस्थान

बापूराव लघाटे झाशी जंक्शनच्या तिकीट खिडकीत बसत. कानपूर म्हणा, इटारसी म्हणा, मुंबई म्हणा, तारखेचा ठप्पा मारून तिकीट पुढे सरकवायला त्यांना वर बघावंसुद्धा लागत नसे. सगळ्या जगाला वाटेला लावणारा हा गृहस्थ स्वतः मात्र लक्ष्मी गेटच्या घरापासून स्टेशनापर्यंत टांग्यानं जाई. "चालतात काय, म्हशीही चालतात," ते म्हणत. "रेल्वेनं पास दिलाय तो काय फ्रेम करून लावायला?"

आणि अशा माणसाच्या पायांवर त्याच्या बायकोनं नवस बोलावा!

झालं होतं असं, की काही वर्षांमागे बापूराव विषमज्वरानं अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी मान हलवली, वैद्यांनी मान हलवली, तेव्हा कुसुमावतीनं समथरच्या आपल्या माहेरच्या देवीला साकडं घातलं: हे उठू देत, झाशीहून तुझ्या दारापर्यंत पायी येतील. आणि येईपर्यंत मी पायात वहाणा घालणार नाही.

बापूराव उठले. पेज पिऊ लागले, मग भात, मग वडे. एके दिवशी त्यांना हा करार कळला.

"अगं, पण माझे पाय? मला विचारलंस?"

"तुम्ही वातात बडबडत होतात. काय विचारू? आणि आजारी कोण होतं, मी?"

समथर चाळीस मैलांच्याही पलीकडे. पहिलं वर्ष अशक्तपणात गेलं, दुसरं रजा नाही म्हणून गेलं, आणि पुढचं का गेलं ते बापूरावांनाही सांगता आलं नसतं. मधेच त्यांनी एक तोड काढली. पासावर वाटेतल्या मोठ नावाच्या स्टेशनापर्यंत गाडीनं जाऊ, तिथून समथर पायी. देवीला काय कळतंय?

"देवी तुमचं विषम उतरवते, आणि तिला मोठ स्टेशन ठाऊक नाही होय?" कुसुमावती म्हणाली आणि पोळ्या लाटत राहिली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. अनवाणी विहिरीवर जाई, अनवाणी बाजारात जाई. बापूरावांना त्याची इतकी सवय झाली, की बायको अनवाणी आहे हे त्यांना दिसेनासंच झालं. वाईट माणूस नव्हता हो, आळशी होता.

एका वैशाखातल्या दुपारी बापूराव डबा विसरले आणि कुसुमावती तो घेऊन स्टेशनात आली. फलाटाच्या फरशा तापून लाल व्हायच्या बाकी होत्या. एक पाय टेकवायची, दुसरा उचलायची, अशी ती खिडकीपाशी उभी. तेवढ्यात रेल्वे कॉलनीतल्या पार्वतीबाई तिथून चालल्या होत्या. गार्डसाहेबांच्या पत्नी, नाशिककडच्या. लक्ष्मी गेटवरची जुनी मराठी घरं कॉलनीवाल्यांना पाहुणे समजत, आणि कॉलनीवाले या घरांना निम्मे बुंदेली समजत. त्यामुळे दोन्हीकडे डोळे एकमेकांवरच.

"इश्श, कुसुमताई, अनवाणी?" पार्वतीबाई साऱ्या फलाटाला ऐकू जाईल अशा बोलल्या. "लघाटे वहाणासुद्धा घेऊन देत नाहीत की काय?"

ते शब्द बापूरावांच्या वर्मी लागले. बायकोचे पाय भाजले म्हणून नव्हे बरं का. अब्रू भाजली म्हणून. खिडकीतून डोकं बाहेर काढून त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं, "यंदा मार्गशीर्षात मी पायी समथरला जाणार आहे!"

बोलून तर गेले. सरावासाठी म्हणून सीपरी बाजारापर्यंत चालत गेले ते परत टांग्यात आले. गुडघ्यांना चार दिवस तेल चोळावं लागलं. पण तेवढ्यात एक शहाणपण त्यांनी केलं. माळ्यावरचा कुसुमावतीचा जुना जोड गुपचूप काढून मापाला मोच्याकडे दिला आणि तिच्यासाठी मऊ कातड्याच्या नव्या वहाणा शिवायला टाकल्या. देवीच्या दारात तिच्या पायात घालायच्या. स्वतःसाठी बूट घेतले, साहेबी, कडक.

मार्गशीर्ष लागला आणि जोशीबुवांनी पंचमीचा मुहूर्त काढला. पंचमी उजाडली आणि बापूरावांना खोकला आला. आता मुहूर्त साधायचा पण निघायचं नाही, यासाठी आपल्या वाडवडिलांनी मोठी सोयीची रीत घालून ठेवली आहे. प्रस्थान ठेवायचं! म्हणजे प्रवासाचं गाठोडं मुहूर्तावर शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं. गाठोडं गेलं की माणूस गेला असं धरतात, मग तो सवडीनं निघाला तरी चालतं. बापूरावांनी धोतरजोडी, सातू आणि कागदात गुंडाळलेल्या त्या वहाणा बांधून गाठोडं शेजारच्या चौबेजींकडे ठेवलं आणि हात झटकून जेवायला घरी आले.

पान मांडलेलं नव्हतं.

"अगं, पान?"

"तुम्ही तर गेलात," कुसुमावती शांतपणे म्हणाली. "गेलेल्या माणसाचं पान घरात कसं वाढू? अपशकुन होईल."

बापूरावांना आधी थट्टा वाटली. रात्री कळलं की थट्टा नाही. तेव्हा ते चौबेजींकडे जेवले. दुसऱ्या दिवशीही चौबेजींकडे. तिसऱ्या दिवशी चौबेजींनी पुरी ताटात टाकत विचारलं, "काय बापूजी, अबै लौ नईं गए?" म्हणजे, अजून गेला नाहीत? आणि त्यांच्या मागे दाराआडून चौबीणबाईंच्या बांगड्या जरा जोरातच वाजल्या.

असा आमच्या बापूरावांनी धाडसाचा निर्णय घेतला. घरात पान नाही, शेजारात मान नाही, मग माणूस जाणार कुठे? समथरला.

सकाळी गाठोडं खांद्यावर टाकून ते निघाले, तर कुसुमावती घराला कुलूप लावून हजर.

"तू कशाला? नवस माझ्या पायांचा आहे ना?"

"वाटेत गाडीत बसलात तर देवीला सांगायला कुणीतरी नको?"

बडागाव येईपर्यंत बुटांनी आपला स्वभाव दाखवला. पुढे सडक रुळांच्या जवळून जाऊ लागली आणि छळ वाढला. कानपूरकडे जाणारी प्रत्येक गाडी ओळखीची, प्रत्येक गार्ड ओळखीचा. "लघाटे जी, का पैदल?" म्हणून हिरवा झेंडा हलवत निघून जाई. ज्या गाड्यांची तिकिटं जन्मभर विकली त्याच गाड्या धूळ उडवत होत्या तोंडावर. परीछा स्टेशनाशी तर मालगाडी उभीच होती. स्टेशनमास्तर म्हणाले, "गार्डाच्या डब्यात, ब्रेकव्हानमध्ये बसा, संध्याकाळच्या आत मोठला. कुणाला कळतंय?"

बापूरावांनी बूट काढले. टाचांचं सालपट निघून रक्त आलं होतं. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगा. त्यांनी ब्रेकव्हानकडे बघितलं, मग साक्षीदाराकडे बघितलं. साक्षीदार थांबलाच नव्हता. कुसुमावती सडकेवरून पुढे चालली होती, खडीवरून, एका लयीत, मागे वळूनही न बघता. आपला नवरा गाडीत बसणार नाही असं तिनं धरूनच ठेवलं होतं. तिच्या उचललेल्या पावलाची टाच बापूरावांना दिसली. काळी, रुंद, भेगाळलेली. लग्नात ज्या पावलांना हळद लावली होती ती ही नव्हती.

"कळतं हो," स्टेशनमास्तरांना ते म्हणाले. बूट गाठोड्याला लटकवले आणि लंगडत निघाले.

वाटेत मुक्काम झाले, पायांना फडकी बांधून झाली, देवीला आणि जोशीबुवांना मनातल्या मनात शिव्या देऊन झाल्या. अखेर देवीची पायरी आली. नारळ फुटला. बापूराव तिथंच फतकल मारून बसले आणि त्यांनी मोठ्या ऐटीत कागद सोडला. "घाल. फिटला तुझा नवस."

कुसुमावतीचा चेहरा असा फुलला, की बापूराव गुडघे विसरले. तिनं पाऊल आत सरकवलं. अंगठा अडला. जोर केला, तर टाच मागे बाहेर आली. दुसरा पाय करून बघितला. तोही तसाच.

"माप कुठलं दिलंत?"

"तुझ्याच जुन्या जोडाचं."

"मग बरोबर आहे," ती हसून म्हणाली. "तेव्हाचं आहे ते." आणि वहाणा पुन्हा कागदात गुंडाळू लागली.

बापूराव पुढे सरकले, तिचा पाय उचलून त्यांनी आपल्या मांडीवर घेतला आणि वितीनं मोजू लागले.

"अहो! भरल्या देवळात पाय काय धरताय माझे? मला पाप लागेल!"

"लागू दे. हलू नकोस," बापूराव म्हणाले. "या खेपेला माप चुकता कामा नये."