नर्सबाईंची आठ भावगीतं

मी जव्हारला शाळेत मराठी शिकवायचो आणि ठाण्याच्या एका साप्ताहिकात नव्या गाण्यांवर सदर लिहायचो. रेडिओवर भावगीत लागलं की घरातली माणसं हातातलं काम थांबवायची, तो काळ मी पाहिला होता. ऐंशीनंतर तो सरला. स्टँडवरच्या कॅसेटवाल्याकडे भावगीत मागितलं तर तो खालच्या खणात हात घालायचा. वरचे सगळे खण सिनेमाचे आणि आरत्यांचे.

अशा दिवसांत सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई माझ्याकडे आल्या. वय चाळिशीचं, एकट्याच राहायच्या. पिशवीतून त्यांनी एक कॅसेट काढली. आठही गाण्यांचे शब्द त्यांचे, चाली त्यांच्या, आवाज त्यांचा. रजा साठवून साठवून, दादरला जाऊन त्यांनी ती रेकॉर्ड केली होती, आणि विकायला खोकाभर प्रतीही काढल्या होत्या.

"सर, लिहाल ना? ओळख मध्ये आणू नका. वाटेल तसं लिहा."

माझ्याकडे नुसता रेडिओ होता, टेपरेकॉर्डर नव्हता. बाजारातल्या टेलरमास्तरांकडे होता. त्यांच्या घरात वडिलांपासून शिवणकाम, आणि मास्तरांना गझलांचं वेड. त्यांच्या दुकानात बसून मी कॅसेट ऐकली.

पहिली सात गाणी चांदण्याची, पारिजाताची, यमुनेच्या काठाची. मागे व्हायोलिन, बासरी. आवाज स्वच्छ, फक्त वरच्या सुरांना थोडा आवळलेला. पण हे सगळं मी वीस वर्षांपूर्वी, याहून चांगलं, ऐकलेलं होतं.

"आवाज साफ आहे, सर," मास्तर म्हणाले, "पण ही बाई इथं राहते असं कुठंच ऐकू येत नाही."

मग आठवं लागलं. जामसरकडच्या पाड्यावरची एक बाई तापलेलं मूल झोळीत घालून दवाखान्यात येते आणि संध्याकाळी एकटी परत निघते. 'रिकामी झोळी खांद्याला, बाय निघाली गावाला.' व्हायोलिन नाही, काही नाही, नुसता आवाज. मास्तरांनी मशीन थांबवलं. आम्ही ते गाणं पुन्हा मागे नेऊन ऐकलं.

मी दोन पानं लिहिली. भावगीताचे दिवस संपलेत आणि ही सात गाणी त्या दिवसांची नक्कल आहेत, असं स्पष्ट लिहिलं. शेवटचा मोठा परिच्छेद आठव्या गाण्याचा. असं गाणं मी आजवर ऐकलं नव्हतं, तेही लिहिलं.

अंक आला तेव्हा तो परिच्छेदच नव्हता. जागा कमी पडली म्हणून संपादकांनी कापला होता.

मी तसाच दवाखान्यात गेलो. बाई सिरिंजा उकळत होत्या. अंक शेजारच्या स्टुलावर होता.

"वाचलं," त्या म्हणाल्या. "खोटं काही लिहिलं नाहीत."

"बाई, त्यांनी शेवट कापला. मी आठव्या गाण्यावर लिहिलं होतं." काय लिहिलं होतं ते मी सगळं सांगितलं.

त्यांनी चिमट्यानं एक सिरिंज काढून ट्रेमध्ये ठेवली. "ते? दुसऱ्या बाजूला जागा उरत होती म्हणून घातलं. त्याला मी चाल कुठं लावलीय? इथल्या बायका भाताची आवणी करताना म्हणतात तसं म्हटलं, झालं."

"तेच तर चांगलं झालंय, बाई."

"सर, मला भावगीत गायचं होतं. लहानपणापासून तेवढंच गायचं होतं." एवढं बोलून त्या वॉर्डात गेल्या.

परिच्छेद पुढच्या अंकात छापा म्हणून मी संपादकांना पत्र लिहिलं. उलट टपाली कार्ड आलं, भावगीतासाठी पुन्हा जागा देता येणार नाही. काही महिन्यांनी मास्तरांनी सांगितलं, बाईंनी उरलेल्या कॅसेटी खोक्यासकट स्टँडवरच्या कॅसेटवाल्याला देऊन टाकल्या, आणि तो त्याच कॅसेटींवर सिनेमाची गाणी भरून विकतोय. माझ्याकडची प्रत दोन पावसाळ्यांत बुरशी लागून गेली.

बाईंची बदली मोखाड्याला झाली. तिथं एकदा कामाला गेलो तेव्हा स्टँडवर एस.टी.ची वाट बघत त्या उभ्या होत्या.

"गाता का अजून?" मी विचारलं.

"छे. वेळ कुठं असतो? आणि तुमचं लिखाण?"

"सदर बंद केलं त्यांनी."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. गाडी आली, गर्दीत त्यांना जागा मिळाली नाही, आणि दांडीला धरून उभ्यानंच त्या गेल्या.