पाहुणीला सोबत

गोत्रीच्या आमच्या घरातल्या वरच्या दोन खोल्या आईने परदेशी प्रवाशांसाठी उघडल्या, पण आपण लॉज काढलंय असं ती कधी म्हणाली नाही. तिच्या लेखी ते सगळे पाहुणे. पाहुण्याने ताट उचलायचं नाही आणि तो पोळी नको म्हणाला तर ते ऐकायचं नाही. दुभाषी मी.

त्या वर्षी मला बंगळूरच्या एका संस्थेत प्रवेश मिळाला होता. पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं. बाबांना नंदेसरीच्या कारखान्यातून रजा मिळेना आणि सोबतीशिवाय मुलगी धाडायची आमच्याकडे रीत नाही. "पुढच्या वर्षी बघू," आई म्हणाली. आदल्या वर्षी दिल्लीची मुलाखत अशीच बुडाली होती. मी नुसती धुमसत होते.

त्यात एक बेल्जियमची मुलगी राहायला आली. माझ्याच वयाची, पाठीवर ही मोठी सॅक.

"साव एकटी? कुणीच नाही बरोबर?" आईने मला विचारलं. "आणि घरच्यांनी सोडली?"

चार दिवसांत आईने तिला वरणभात हाताने कालवायला शिकवलं, लहरीपुऱ्याच्या बाजारातून बांगड्या आणून दिल्या. शनिवारी संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता बेत जाहीर केला. उद्या बाबांना सुट्टी, ते तिला अहमदाबादपर्यंत सोडतील. तिथे मावशी उतरवून घेईल, मावशीचे दीर उदयपूरच्या बसमध्ये बसवून कंडक्टरला सांगतील. फोनसुद्धा झाले होते.

मी हे इंग्रजीत सांगितलं. मुलगी आधी हसली, मग आईचा चेहरा पाहून गंभीर झाली. "थँक यू. पण मी एकटीच जाईन."

मी आईकडे वळले. "ती म्हणते, मी एकटीच जाणार. मला रस्ता विचारता येतो, माणसं ओळखता येतात. चुकले तर परत फिरेन. कुणाच्या रजेपायी मी अडून बसणार नाही. आणि पुढच्या वर्षी-बिर्षी काही नाही."

लाटणं थांबलं. आईचं इंग्रजी बेताचं होतं, पण ती काही दूधखुळी नव्हती.

"ती तर एवढंसं बोलली. बाकीचं कुणाचं?"

"माझं."

बाबांनी पेपरात तोंड खुपसलं. मला रडू फुटत होतं, पण आता मागे सरायचं नाही, हे मी पक्कं केलं होतं.

"नाही," आई म्हणाली. "तिच्या घरची गोष्ट वेगळी."

"मी विचारत नाहीये आई, सांगतेय."

पाहुणी रविवारी एकटीच गेली. त्या दिवशी आई माझ्याशी कामापुरतंच बोलली.

सोमवारी मी रिझर्व्हेशनला निघाले तशी तीही चपला घालून निघाली. मी अडवलं नाही. स्टेशनवर मी फॉर्म भरला, एकाच प्रवाशाचा. आईने तो माझ्या हातून घेतला, सावकाश वाचला. माझं वय पुसट उमटलं होतं, ते तिने पेनाने पुन्हा गिरवलं.

"रांगेत तू उभी राहा," ती म्हणाली. "मी बाहेर थांबते."