एकेचाळीसपैकी सहा

आमच्या नाटक कंपनीत तिला सगळे विंगवाली म्हणायचे. बावीस वर्षं तिनं विंगेत उभं राहून आम्हा नटांना विसरलेली वाक्यं पुरवली. राजाच्या वेशात मी अडखळलो की घाम तिला फुटायचा आणि टाळ्या मला मिळायच्या. कुणी संहिता वाचून पाठ केली आणि कुणी नुसती ऐकून, हे ती श्वासावरून ओळखायची. आमच्यातले निम्मे तिच्या जिवावर मोठे झाले. तेव्हा कबूल केलं नाही, आता करतो.

कंपनी बुडाली आणि तिला सरकारी तपासनिसाचं काम मिळालं. लाकूड कापण्याच्या कारखान्यात सरकारी खर्चानं साक्षरता वर्ग चालत. पास झालेल्यालाच मोठ्या करवतीवर घेत; तिथं पगार जास्त. आणि पास तर सगळेच होत. मग एका पास झालेल्यानं सूचनेच्या पाटीखालीच फिरत्या पात्यात हात घातला. हात कोपरापासून गेला. रक्त छपरापर्यंत उडालं होतं म्हणे. या वर्गांतून कुणी खरंच वाचायला शिकतं का, हे पाहायला विंगवालीला पाठवलं. तिचा धाकटा भाऊ त्याच करवतीवर होता.

तिनं वर्गातला धडा पुन्हा हातानं लिहून काढला, फक्त शेवट बदलला. ‘पातं फिरत असताना हात घालू नका’च्या जागी ‘हात घाला’. एकेचाळीस जण आले. पस्तीस जणांनी खणखणीत आवाजात ‘घालू नका’ म्हटलं. सहाच अडले. त्यांतल्या एकानं विचारलं, बाई, आमच्यावर एवढा कसला राग? भाऊ पस्तिसांतला निघाला.

संध्याकाळी त्या पस्तिसांनी कारखान्याच्या फाटकाशी तिला घेरलं. करवत गेली तर पगार जाणार होता. वेणी धरून तिला भुशात लोळवलं, लाकडी दांड्यांनी बडवलं, निकालाचे कागद फाडून तोंडात कोंबले. दोन बरगड्या मोडल्या, उजवं मनगट तुटलं, डावा कान फुटला. दुसरा दांडा भावाचा होता, ती मला म्हणाली. हात ओळखीचा वाटला.

तिसऱ्या दिवशी मी इस्पितळात तिच्या खाटेशी बसलो असताना भाऊ आला. खिशातून वर्गाच्या मास्तरनं दिलेला कागद काढून म्हणाला, सही कर, सगळ्यांच्या नोकऱ्या वाचतील. मी काठी उगारली. तिनं डोळ्यांनीच मला बसवलं.

“आधी वाचून दाखव,” ती भावाला म्हणाली.

“एकेचाळीस जण पास. बाई पाय घसरून पडल्या.” न अडखळता बोलला.

तिनं डाव्या हातानं कागद घेतला आणि विंगेतल्या आवाजात वाचला. हळू, सपाट, ज्याला हवं त्यालाच ऐकू जाईल असा. एकेचाळीस जण पास, इथवर बरोबर होतं. पुढं लिहिलं होतं की घरगुती भांडणातून भावानं एकट्यानं तिला मारलं, कारखान्याचा आणि मास्तरांचा काही संबंध नाही, त्याला अटक व्हावी.

“माझं नाव कुठंय?”

तिनं बोट ठेवलं. तो त्या जागेकडं बघत राहिला. दोन दिवस तो हा कागद छातीशी घेऊन हिंडत होता. एकाएकी त्यानं खाटेच्या लोखंडी दांडीवर मूठ हाणली, पुन्हा हाणली, बोटांची सालं निघून हाड दिसेपर्यंत. वॉर्डबॉयनं मागून धरलं तेव्हा थांबला.

“ताई, नापास लिही.”

“आणि दांड्याचं?”

“तेही. सगळ्यांचं लिही.”

निकाल फाडला होता, पण अख्खी नाटकं डोक्यात ठेवणाऱ्या बाईला एकेचाळीस नावं म्हणजे काय! तिचं मनगट प्लास्टरमध्ये, म्हणून लेखणी मी धरली. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. सोळावं नाव भावाचं आलं. तिचा आवाज हलला नाही, थांबलो मीच. तिनं तेच नाव पुन्हा सांगितलं, मी अडखळल्यावर सांगायची तसं, आणि पुढं ‘नापास’.

मग दांड्यांची हकिगत लिहिली. खाली भावानं रक्तानं माखलेला अंगठा ठेवला. शाईची डबी उघडावीच लागली नाही.