हिरीबाईच्या फोनातलं नाव

निताच्या तव्यावर दुसरी पोळी फुगत होती आणि रविकांत, तिचा नवरा, रिसोडच्या बसच्या घाईत एक मोजा घालून दुसरा शोधत होता, तेवढ्यात दारावर थाप पडली. बाहेर तांड्यावरची हिरीबाई. एरवी ती हरभऱ्याची भाजी घेऊन मागच्या दाराने यायची, लांबूनच हाका मारत. आज पुढच्या दारी गप्प उभी होती आणि पदराच्या टोकात फोन गुंडाळलेला होता.

"या मावशी. भाजी नाही आणली?"

"भाजीचं काय घेऊन बसली. याचं तोंड पाय."

हा फोन तिच्या लेकाने, उदयसिंगने, दिवाळीला पुण्याहून आणला होता. हिरीबाईला वाचता येत नाही, म्हणून त्याने पडद्यावर दोनच फोटो लावून दिले होते. एक स्वतःचा, एक बापाचा, मदनसिंगचा. फोटोवर बोट ठेवलं की फोन लागायचा. काल फोन अपडेटसाठी अडून बसला. तिने हिरवं बटण दाबलं, आणि उघडून पाहते तर दोन्ही फोटो गेलेले.

मदनसिंग टोळीबरोबर ऊसतोडीला गेलेला. त्याच्या जुन्या फोनची बटणं झिजलेली, आलेला फोन तेवढा उचलता येई. परवा तो तापाने फणफणला होता, आणि तेव्हापासून त्याचा आवाज तिच्या कानावर पडला नव्हता.

"उदय काय म्हणतो?"

"बापू बरे हायेत मने. लेकरं मायले असंच सांगतात. मले त्याईचाच आवाज आयकाचा हाय."

निताने गॅस बारीक केला. "पण फोटो गेले, तर उदयला फोन लावला कसा?"

हिरीबाईचा चेहरा खुलला. तिने एक बटण दाबून धरलं, फोन तोंडाजवळ नेला आणि सावकाश म्हणाली, "उदयसिंगले फोन लाव." घंटी वाजली. तिने घाईने बंद केला. "बोट चुकून तिथं बसलं, तं आतून बाई बोलली, काय मदत पायजे? मी लेकाचं नाव सांगतलं. लागला."

"मग दुसराही तसाच लावा."

"लावून पायला." तिने पुन्हा बटण दाबलं. "उदयच्या बापूले फोन लाव."

आतली बाई म्हणाली, या नावाचं कोणी सापडलं नाही.

"पाय. लेकाले ओयखते, बापाले नाई. एवढी शिकलेली बाई, काहून ओयखत नशीन?"

आत्ता कुठे निताच्या ध्यानात आलं. "मावशी, नाव घ्या ना त्यांचं."

हिरीबाईने पदर डोक्यावर सारखा केला. "लग्नाले चाळीस वर्सं झाली. राशनच्या दुकानात बी त्याईचं नाव नणंदेनं सांगतलं माह्यासाठी."

"अवो, मशीन हाय ते," रविकांत मोजा ओढत म्हणाला. "ते कोनाले सांगाले जाते?"

"आयकते ना पन? तुमी घेता काय बायकोचं नाव? 'अवं' करूनच बलावता. माह्या कानानं आयकलं."

रविकांत बस गाठायला निघून गेला. निताने नावांची यादी उघडली, हवं ते नाव मनातच वाचलं आणि फोन लावून हिरीबाईच्या कानाशी धरला.

"हं, बोल," पलीकडून घोगरा आवाज आला.

"ताप?"

"उतरला काल. कोयता घेतला हाती."

हिरीबाई शब्दांपेक्षा मधला श्वास ऐकत होती. "खोकला हाय."

"थोडा."

"गरम पानी पेत जा."

"पेतो."

फोन ठेवल्यावर ती उंबऱ्यावर टेकली. बटण उगाच दाबून, सोडून पाहत राहिली. ही बाई झोपते कधी, तिला तांड्यावरची बोली समजते का, कारखान्यावरच्या टोळ्या माहीत आहेत का, एकेक विचारत होती.

"थांबा, फोटो होते तसे लावून देते," निता म्हणाली.

"नोको. अपडेट आलं का पुन्हा जातीन. मंग मी तुह्या दारी. माह्या तोंडात हाय ते तं कोनी नेत नाई." तिने फोन निताच्या पिठाच्या हातात दिला. "एक काम कर बाई. आतलं त्याईचं नाव काढ, अन् तिथं 'उदयचे बापू' लिहून दे."