चौथी जागा

उटीला जायचं ठरलं तेव्हा मी पलीकडे भांडी विसळत होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं. बंगळुरातलं आमचं जुनं मराठी घर, साठ सालच्या सुमाराची गोष्ट. धाकट्या दिरांना त्यांच्या साहेबांनी आठवडाभर मोटार देऊ केली होती. दीर, धाकटी जाऊ आणि सासूबाई, तिघं जाणार. माझे यजमान फिरतीवर, त्यामुळे माझ्या बाजूने बोलणारं कोणी नव्हतं.

तरी मी निर्धास्त होते. तीन तिघाडा, काम बिघाडा! सासूबाई भाजीला निघाल्या तरी तिघांना एकदम उंबरा ओलांडू द्यायच्या नाहीत. म्हणजे चौथी मीच. पण तोंडाने कशाला मागू? बोलावतील आपण होऊन.

जावेने शिवाजीनगरातून लाल लोकरी कोट आणला आणि भर उन्हाळ्यात आरशापुढे घालून बघू लागली.

"अक्का, तिथे म्हणे बोलताना तोंडातून वाफ येते!"

चुलीपुढे बस, कानातूनही येईल, असं अगदी ओठांवर आलं होतं. "सरी, बरं बरं," एवढंच म्हटलं. पोटात दुखत होतं माझ्या, खोटं कशाला बोलू? मला ती वाफ हवी होती. तिशी उलटली तरी म्हैसूरच्या पलीकडे मी काही पाहिलं नव्हतं. दशम्या मी केल्या, चटणी मी कुटली, आणि माझ्या दोन साड्या गुपचूप ट्रंकेत वर काढून ठेवल्या.

निघायच्या दिवशी सासूबाईंनी देवापुढची एक सुपारी उचलली, तिला कुंकू लावलं आणि जावेच्या हातावर ठेवली. "ही चौथी. शेजारी ठेव, पडू देऊ नकोस. घराकडे थोरली आहेच."

जावेने रुमालाची घडी घालून सुपारीला मागच्या सीटवर बसवलं. माझ्या जागेवर! एखादी आत्या-मावशी बसली असती, तर मी इतकी जळले नसते.

मोटार गेली तशी समोरच्या घरातली कानडी मामी फाटकाशी आली. "तुम्ही नाही गेलात?" तिने विचारलं. मला रडू येत होतं, पण हिच्यापुढे रडायचं?

"छे हो, मला घाटात गाडी लागते," मी ठसक्यात सांगितलं. "सगळ्यांनी फार आग्रह केला. मीच नको म्हटलं."

मंडळी परत आली आणि मामीने ते जसंच्या तसं सासूबाईंच्या कानावर घातलं. त्या लगबगीने स्वयंपाकघरात आल्या.

"अगं, गाडी लागते तर आधी नाही का सांगायचं? तुला ठेवून गेलो म्हणून वाटभर जिवाला चुटपुट लागली होती. पुढच्या मे महिन्यात कोडाईकनालला तुला न्यायचंच, असं ठरवून आलो होतो. बरं झालं कळलं."

पुढच्या वर्षी त्यांनी जावेच्या बहिणीला नेलं. दशम्या मीच केल्या.