कॉम्प्युटरला दिलेला मेमो

आम्ही जुने ऑपरेटर आजही सेवउसळ खायला जमलो, की गप्पा फिरून छाणीकडच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला त्या वर्षावरच येतात. त्या एका वर्षात एवढे किस्से झाले, की आधीची पंधरा वर्षं आम्ही नुसतंच काम केलं की काय, असं वाटावं!

*

कॉम्प्युटर आला तो एसी घेऊनच. धूळ चालायची नाही, म्हणून कंट्रोल रूमबाहेर बूट काढायचे. ज्यांचं आत काहीच काम नव्हतं, तेही ऐन मे महिन्यात मोजे घालून दर्शनाला यायला लागले. शेवटी मॅनेजर पटेलसाहेबांनी दारावर पाटी लावली : ‘एसी मशीनसाठी आहे, माणसांसाठी नाही.’

पाटी लावून साहेब आत येऊन बसले, ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

*

काही ना काही अलार्म देत मशीन सारखं कोकलायचं. ‘अ‍ॅक्सेप्ट’चं बटण दाबलं की आवाज बंद. आठवड्याभरात आम्ही न बघता दाबायला शिकलो. बायको सांगते, घरी कुकरची शिट्टी झाली, की मी पेपरातून डोकं न काढता टेबलावर बोट दाबायचो.

*

पूर्वी काही बिघडलं, की ऑपरेटरच्या नावाने मेमो निघायचा. आता सगळ्यांना एकच उत्तर सापडलं. एकदा भलताच व्हॉल्व्ह उघडला गेला. कोणी उघडला, असं साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, सिस्टिमने. पुढच्या दोघांनीही तेच सांगितलं.

साहेब वैतागले. त्यांनी चक्क कॉम्प्युटरच्या नावाने मेमो टाइप करवून घेतला, चोवीस तासांत खुलासा करावा म्हणून, आणि मॉनिटरच्या कडेला चिकटवला.

आमच्यातले सर्वांत जुने जाधवकाका चष्मा वर करून तो वाचत म्हणाले, ‘‘बराबर आहे साहेब, पण मेमो मिळाल्याची सही कोण करणार?’’

मेमो महिनाभर तिथेच राहिला.

*

काका वाडीहून सायकलने यायचे, पाळीच्या अर्धा तास आधी. कॉम्प्युटर आला तरी त्यांनी जुनी फेरी सोडली नव्हती. प्रत्येक टाकीला हाताची मागची बाजू लावत फिरायचे. आत गरम माल जिथपर्यंत, तिथपर्यंत पत्रा गरम. आकडा स्क्रीनवर दिसतो की, म्हणून मी हसायचो.

‘‘दिसू दे ने,’’ काका म्हणायचे आणि पुढच्या टाकीकडे जायचे.

*

एका दुपारी तीन नंबरची टाकी स्क्रीनवर बासष्ट टक्के भरलेली दाखवत होती. सकाळपासून बासष्टच. पंप चालू असून आकडा हलत नाही म्हणून अलार्म झाला, मी बटण दाबलं. पुन्हा झाला, पुन्हा दाबलं. टाकीच्या माथ्यावर पादरा गावाहून आलेले दोन रंगारी कठडा रंगवत होते.

काका धावत आत आले, बुटांसकट.

‘‘तीन नंबर गळ्यापर्यंत भरलीय. तू पंप बंद कर, मी त्या दोघांना उतरवतो.’’

मी पंप बंद केला आणि खिडकीशी उभा राहिलो. दोघांचे पाय जमिनीला लागलेले पाहिले, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. खुर्चीत बसून मी सरळ रडलो.

मग साहेब आले. टाकीतला आकडा सांगणारा तरंगता गोळाच अडकला होता, हे एव्हाना कळलं होतं. ‘सिस्टिम’ हा शब्द माझ्या अगदी ओठांवर होता.

‘‘आकडा मशीनचा चुकला, साहेब,’’ मी म्हणालो. ‘‘पण बटण मी दाबलं. दोनदा. न बघता.’’

साहेबांनी मॉनिटरवरचा मेमो हळूच सोडवला, कॉम्प्युटरचं नाव खोडून वर माझं लिहिलं आणि कागद माझ्यापुढे ठेवला.

काकांनी खिशातलं पेन काढून दिलं.

‘‘कर सही,’’ म्हणाले. ‘‘चोवीस तास केव्हाच होऊन गेलेत.’’