कोणी आवळलाय हा?

गंजलेले बोल्ट आणि किस्से एकाच डब्यात साठत जातात. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत असा एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये तो उघडायचा, एकेक बोल्ट हातात घ्यायचा आणि आम्ही तिघा म्हाताऱ्यांनी हसत बसायचं. मी बँकेतून रिटायर झालेला. बराटे अण्णा इथल्याच मूळ गावातले; जमिनीवर बिल्डिंगा आल्या, पान्यांची पेटी तेवढी राहिली. आणि नेने सर, शाळेत भूमिती शिकवायचे.

बैठक नेने सरांच्या स्कूटरभोवती. खरं तर ती नेने वहिनींची. सरांनी गाडी कधी चालवलीच नाही. वहिनी पुढे, सर मागे, मांडीवर मंडईची पिशवी! वहिनी गेल्या वर्षी गेल्या. स्टँडवर लावलेल्या त्या गाडीच्या मागच्याच सीटवर सर अजून बसतात. आणि परवा सोसायटीची नोटीस लागली: न चालणाऱ्या गाड्या महिनाअखेरीस भंगारात.

*

आमचा एक नियम आहे. अडकलेल्या बोल्टला हात लावण्याआधी अण्णा विचारतात, "कुनी आवळलाय ह्यो?" मग आवळणाऱ्याला यथेच्छ झापायचं. त्याशिवाय बोल्ट सुटत नाही, अशी अण्णांची श्रद्धा! अण्णांच्या शिव्या चारचौघांत चालण्यासारख्या नाहीत, म्हणून झापण्याचं खातं सरांकडे.

एकदा गच्चीवरच्या टाकीच्या झाकणाचा बोल्ट अडकला. डोकं झिजून गुळगुळीत, पाना बसायलाच तयार नाही. सर सुरू झाले, "आवळणारे गृहस्थ उच्चशिक्षित असावेत. एवढा आत्मविश्वास एरवी येत नाही!"

शेजारी उभे असलेले चेअरमन म्हणाले, "मीच आवळला होता."

"अस्सं? मग थांबा, तुमच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून म्हणतो."

अण्णांनी हॅक्सॉनं डोक्यावर खाच पाडली, खाचेत जाड स्क्रूड्रायव्हर घातला आणि बोल्ट फिरवून काढला. चेअरमन बरेच दिवस आमच्याशी बोलत नव्हते.

*

तिसऱ्या मजल्यावरचा अनिकेत आयटीत आहे. नवाकोरा टूलकिट ऑनलाइन मागवून सायकलचं डावं पेडल काढत होता. पान्याला पाइप लावून, वर त्यावर उभा राहून! "काका, टोटली जॅम झालंय!"

अण्णा शांतपणे चहा पीत होते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. म्हणजे पठ्ठ्या मघापासून ते आवळतच होता.

मी म्हटलं, "अहो, सांगा की त्याला."

"सांगतो. घाम यिऊ द्या जरा."

शेवटी सांगितलं. पण आता पेडल उलट्या बाजूनंही हलेना. अण्णांनी नियमाप्रमाणे विचारलं, "कुनी आवळलंय हे?"

अनिकेतनं स्वतःच हात वर केला.

*

मार्केट यार्डात अण्णांच्या मेहुण्याचा टेम्पो उभा होता. मागच्या फळीचा बोल्ट निघत नव्हता. हमाल जमले, ड्रायव्हर जमले, प्रत्येकाचा सल्ला वेगळा. अण्णांनी कुणाचंही न ऐकता पान्याला लांब पाइप लावला आणि सगळा भार टाकला. खाड्! बोल्ट मधोमध तुटला.

"दाजी, तुटला की ओ!" मेहुणा कळवळला.

"निघाला का न्हाई, तेवढं सांग!"

*

हे वेड घरातही शिरलं. लोणच्याच्या बरणीचं झाकण अडकलं म्हणून मी तेल शोधायला निघालो. बायकोनं लाटण्यानं कडेकडेनं टोले दिले, मोठ्यांदा विचारलं, "कोणी आवळलंय हो हे?" आणि झाकण उघडलं.

मी घाईघाईनं पेपर उघडला.

*

नोटीस वाचून सर म्हणाले, "मी शिकतो चालवायला. चालती गाडी कोण नेतंय बघू." ही गाडी गेली तर सर रविवारी खालीसुद्धा उतरणार नाहीत, हे आम्हाला माहीत होतं. अण्णांनी कार्बोरेटर साफ केला, टायर बदलले, गाडी सुरू झाली. राहिला उजवा आरसा. त्यात मागचा रस्ता दिसायचाच नाही, फक्त मागच्या सीटवरचा माणूस दिसायचा. सरांना मागे बसून डुलकी लागायची, म्हणून वहिनींनी तो तसा फिरवून ठेवलेला. त्याचा नट गंजून घट्ट बसला होता.

अण्णांनी तेल सोडलं, मुरू दिलं, हातोडीनं हलके ठोके दिले. आधी किंचित आवळून मग सोडायचा, तेही केलं. नट ढिम्म! सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, "कुनी आवळलाय ह्यो?"

"हिनं," सर म्हणाले.

अण्णांनी पाना खाली घेतला. सरांनी वहिनींना आवाज चढवून कधी हाकसुद्धा मारली नव्हती. पण नियम तो नियम. ते आरशाजवळ वाकले.

"काय गं, इतकं आवळायचं असतं का?"

अण्णांनी पुन्हा पाना लावला. कर्र! नट फिरला.

"सुटला!" मी ओरडलोच.

"बसा सर फुडं," अण्णा म्हणाले. "कुठवर वळवू, सांगा."

सर मागच्या सीटवर जाऊन बसले. आरशात पाहिलं. "थोडा माझ्याकडे. अजून थोडा. हं, होता तिथंच. आवळा आता."

"अहो, मग मागचा रस्ता कसा दिसणार?" मी विचारलं. "आणि चालवणार कोण?"

"रस्त्याला डावा आरसा हाय की," अण्णा म्हणाले. नट त्यांनी चांगला दाबून आवळला, हेल्मेट घातलं, पुढे बसून गाडी सुरू केली आणि उजव्या आरशात डोकावले.

"सर, मंडई येईपातुर झोपायचं न्हाई."